ब्रोकरचे भांडवली नफ्याचे विवरण करसॉफ्टवेअरमध्ये घेतल्यावर २३ जुलैची विभागणी चुकते आहे

माहीमची_खाडी | ८ सप्टेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार. आईचे २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे विवरणपत्र मी भरते आहे. तिला निवृत्तिवेतन मिळते आणि वर्षभरात तिने काही समभाग विकले आहेत, त्यामुळे आयटीआर-२ लागू होतो. मुदत १५ सप्टेंबरची आहे आणि मी गेल्या तीन रात्री एकाच ठिकाणी अडकले आहे.

ब्रोकरच्या संकेतस्थळावरून मी भांडवली नफ्याचे विवरण सीएसव्ही स्वरूपात उतरवून घेतले, एकदा उघडून पाहिले, जतन केले आणि करसॉफ्टवेअरमध्ये चढवले. एकूण २१ ओळींपैकी तीन ओळी सॉफ्टवेअरने नाकारल्या. त्यांतल्या दोन मी हाताने भरल्या. तिसरी ओळ एचडीएफसी बँकेच्या समभागांची आहे, ती अजून बाजूला ठेवली आहे. ते समभाग मुळात बाबांचे होते. २०२१ मध्ये बाबा गेल्यानंतर ते आईच्या नावावर झाले, म्हणून विवरणात खरेदीची तारीख आणि किंमत दोन्ही रिकामी आहेत.

ही ओळ वगळता दीर्घकालीन नफ्याची बेरीज ब्रोकरच्या पीडीएफशी रुपयापर्यंत जुळते आणि दोन्हीकडे ती २,५०,००० आहे. विभागणी मात्र जुळत नाही. पीडीएफनुसार २३ जुलै २०२४ पूर्वीचा नफा ३८,४०० आणि नंतरचा २,११,६०० आहे, तर सॉफ्टवेअर पूर्वीचा १,४६,००० आणि नंतरचा १,०४,००० दाखवते. पूर्वीच्या नफ्यावर १० टक्के आणि नंतरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर असल्यामुळे सॉफ्टवेअरने काढलेला कर सुमारे दोन हजार रुपयांनी कमी आहे.

कर कमी दिसतो म्हणून तसेच पुढे जावे असे मला वाटत नाही. आईची सही त्यावर असणार आहे. चूक नेमकी कुठे आहे हे कुणी सांगू शकेल का?

सनदी_विद्यार्थी | रात्री १०.०५

सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी असण्याची शक्यता आधी तपासा. २०२४ च्या दुसऱ्या वित्त अधिनियमाने हे दर वर्षाच्या मध्यात बदलले. अल्पकालीन नफ्याचा दर १५ वरून २० टक्के झाला, दीर्घकालीन नफ्याचा १० वरून १२.५ टक्के झाला आणि करमुक्त मर्यादा एक लाखावरून सव्वा लाखावर गेली. एकाच वर्षात दोन दर आल्यामुळे या वर्षीच्या फॉर्ममध्ये प्रत्येक विक्री २३ जुलैच्या आधीची की नंतरची, हे सांगावे लागते. जुन्या आवृत्तीत ही सोय नीट नसेल.

माहीमची_खाडी | रात्री १०.१२

आवृत्ती कालच अद्ययावत केली आहे. ओळी दोन्ही भागांत पडत आहेत, म्हणजे सोय आहे. काही ओळी चुकीच्या भागात पडत आहेत, हा प्रश्न आहे.

जमाखर्च | रात्री ११.२०

मी गेली बावीस वर्षे लोकांची विवरणपत्रे भरण्याचे काम करतो आहे आणि हा हंगाम दरवर्षी अशाच प्रश्नांनी सुरू होतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

ब्रोकरचे विवरण, आयकर खात्याचे वार्षिक माहिती विवरण म्हणजे एआयएस आणि तुमच्याकडची कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरने दिलेली सौद्याची पावती, हे तीन कागद वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात. ते एकमेकांशी जुळतीलच असे धरून चालू नये. एआयएसमधील समभागविक्रीची माहिती डिपॉझिटरीकडून, म्हणजे डिमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्थेकडून येते. किती समभाग खात्यातून गेले हे डिपॉझिटरीला ठाऊक असते, पण तुम्ही ते नेमके कोणत्या भावाला विकले हे तिच्याकडे नसते, म्हणून तिथे त्या दिवसाच्या बंद भावावरून अंदाज केलेला असतो. कॉन्ट्रॅक्ट नोटवर प्रत्यक्ष सौद्याचा भाव असतो. दोन्हींत काही शे रुपयांचा फरक निघाला तर घाबरू नये, कॉन्ट्रॅक्ट नोट प्रमाण मानावी आणि आवश्यक वाटल्यास एआयएसवर अभिप्राय नोंदवावा.

दुसरी गोष्ट खर्चाची. दलाली आणि तीवरील जीएसटी विक्रीच्या खर्चात धरता येतात, पण रोखे व्यवहार कर, म्हणजे एसटीटी, भांडवली नफ्यातून वजा करता येत नाही. काही विवरणांत सर्व आकार एकाच रकान्यात असतात आणि सॉफ्टवेअर तो रकाना सरसकट खर्च म्हणून उचलते. तुमची बेरीज रुपयापर्यंत जुळते आहे, म्हणजे तुमच्याकडे हे झालेले नसावे.

तिसरी गोष्ट म्हणजे एका ब्रोकरकडून दुसऱ्याकडे हलवलेले समभाग. नव्या ब्रोकरला जुनी खरेदी ठाऊक नसते. तो किंमत शून्य धरतो, रिकामी ठेवतो किंवा समभाग खात्यात आले ती तारीखच खरेदीची धरतो. वारशाने आलेल्या समभागांचेही हेच होते. तुमची तिसरी ओळ याच प्रकारातली आहे.

विलेपार्ले_पूर्व | ९ सप्टेंबर, सकाळी ७.५५

मला एक प्रामाणिक शंका आहे. आकडे सॉफ्टवेअरने काढले आहेत, एकूण नफा खरा आहे आणि फरक दोन हजारांचा आहे. एवढ्यासाठी तीन रात्री जागण्याची गरज आहे का?

जमाखर्च | सकाळी ८.३०

आहे. विवरणपत्राखालचे सत्यापन करदाता करतो, सॉफ्टवेअर करत नाही. शिवाय विभागणी ज्या कारणामुळे चुकली, त्याच कारणामुळे आणखी काय चुकले आहे ते अजून कळलेले नाही. दोन हजारांचा फरक दिसला, म्हणून निदान शोध तरी सुरू झाला.

पेन्शनर_दादरकर | सकाळी ९.१०

माझे वय ७४ आहे आणि मी कोणतेही विवरण आपोआप चढवत नाही. फोर्टमध्ये नोकरीला असताना दुपारच्या सुट्टीत दलाल स्ट्रीटवर जाऊन घेतलेल्या समभागांची वही माझ्याकडे अजून आहे. तारीख, संख्या, भाव, दलाली आणि प्रमाणपत्राचा क्रमांक असे पाच रकाने आहेत. १९९६ नंतर डिमॅट आले, कागदी प्रमाणपत्रे गेली, पण वही चालू ठेवली. दरवर्षी आयकर खात्याच्या पोर्टलवर जाऊन मी समभागांच्या दीर्घकालीन नफ्याचे ११२ए हे परिशिष्ट स्वतः भरतो आणि माझी बेरीज कधी चुकलेली नाही. ताई, २१ ओळी म्हणजे फार नव्हेत. एका रविवारी बसून हाताने भराव्यात.

सनदी_विद्यार्थी | सकाळी ९.४०

काकांच्या वहीला मनापासून नमस्कार. फक्त एक भर घालतो. १ फेब्रुवारी २०१८ पासून पुढे घेतलेल्या समभागांची त्या परिशिष्टात एकत्रित नोंद चालते, फक्त २३ जुलैच्या आधीच्या आणि नंतरच्या विक्रीची बेरीज वेगळी हवी. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या समभागांची नोंद मात्र एकेका कंपनीची, आयएसआयएन म्हणजे समभागाच्या ओळखक्रमांकासह द्यावी लागते. म्हणजे ताईंना हाताने भरायचे झाले तर २१ ओळी लागणार नाहीत.

भावकॉपी | दुपारी १.१५

माहीमची_खाडी, तुम्ही म्हणता त्या दोन नाकारलेल्या ओळींची विक्रीची तारीख काय आहे? आणि नाकारताना सॉफ्टवेअरने कारण काय दिले होते? धाग्यात आतापर्यंत नफ्याच्या आकड्यांबद्दल बोलणे झाले, तारखांकडे कुणी पाहिलेले नाही.

एडिसन_न्यूजर्सी | संध्याकाळी ६.२५

मी मूळची परळची, वीस वर्षांपासून अमेरिकेत आहे. इथेही दर फेब्रुवारीत हाच खेळ असतो. ब्रोकर १०९९-बी हा फॉर्म देतो, तो करसॉफ्टवेअरमध्ये थेट घेता येतो आणि बहुतेक वेळा गाडी अडते ती खरेदी किमतीच्या रकान्यापाशी. २०११ च्या सुरुवातीपासून घेतलेल्या समभागांची खरेदी किंमत ब्रोकरने करखात्याला कळवावी असा इथे नियम आहे. त्याआधी घेतलेल्या समभागांची किंमत करदात्याने स्वतः द्यायची असते आणि सॉफ्टवेअरमध्ये तो रकाना रिकामा येतो. रिकाम्याला शून्य समजून पुढे गेलेले लोक संपूर्ण विक्रीवर कर भरून बसतात.

एक गोष्ट मात्र इकडची चांगली वाटते. समभाग एका ब्रोकरकडून दुसऱ्याकडे गेले की जुन्या ब्रोकरने खरेदीची तारीख आणि किंमत नव्या ब्रोकरला पंधरा दिवसांत लेखी कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. जमाखर्च यांची तिसरी गोष्ट वाचताना ते आठवले.

जमाखर्च | संध्याकाळी ७.००

तशी सक्तीची साखळी आपल्याकडे असती तर माझे निम्मे काम कमी झाले असते आणि मला त्याचा आनंदच झाला असता. तोपर्यंत खाते हलवण्यापूर्वी जुन्या ब्रोकरकडून सर्व धारणांचे खरेदीसह विवरण उतरवून ठेवणे हाच उपाय आहे. खाते बंद झाल्यावर लॉगिनही बंद होते आणि मग ते कागद मागायला पत्रव्यवहार करावा लागतो.

माहीमची_खाडी | रात्री ९.३०

भावकॉपी, उशिरा उत्तर देते आहे, क्षमस्व. ऑफिसमधून आल्यावरच आईच्या कागदांना हात लावता येतो.

नाकारलेल्या दोन विक्रींच्या तारखा ३ ऑक्टोबर २०२४ आणि ६ फेब्रुवारी २०२५ अशा आहेत. कारण म्हणून ‘हस्तांतरणाची तारीख आर्थिक वर्षाबाहेरची आहे’ असे आले होते. दोन्ही तारखा वर्षाच्या आतल्या आहेत, म्हणून मला ती सॉफ्टवेअरचीच चूक वाटली आणि मी हाताने भरून टाकल्या. ३ ऑक्टोबर तर मला पक्का आठवतो, कारण त्या दिवशी घटस्थापना होती आणि घट बसवून झाल्यावर आईने फोन करून ब्रोकरला सांगितले होते.

भावकॉपी | रात्री ९.५५

मग कारण सापडले असे मला वाटते. तुमच्या फाइलमध्ये दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली आहे.

३ ऑक्टोबर आपण ०३/१०/२०२४ असे लिहितो. अमेरिकी पद्धतीत महिना आधी येतो, म्हणून तेच १० मार्च २०२४ असे वाचले जाते. १० मार्च २०२४ मागच्या आर्थिक वर्षात जातो आणि शिवाय तो रविवार होता. ०६/०२/२०२५ चे २ जून २०२५ होते, म्हणजे पुढचे आर्थिक वर्ष. दोन्ही वेळा सॉफ्टवेअरने दिलेले कारण त्याला दिसलेल्या तारखेपुरते बरोबरच होते.

या दोन ओळी नशिबाने वर्षाबाहेर पडल्या म्हणून लक्षात आल्या. ज्या ओळींची तारीख उलटूनही वर्षाच्या आतच राहिली, त्या गुपचूप स्वीकारल्या गेल्या असणार. उदाहरणार्थ ७ ऑगस्टची विक्री ८ जुलैची होते आणि २३ जुलैच्या अलीकडे सरकते. नफ्याचा आकडा मात्र तोच राहतो, म्हणून बेरीज जुळते.

आता हे पडताळून पाहा. सीएसव्ही फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडा आणि तारखांचा रकाना नीट न्याहाळा. काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे दिसतात का? १२ पेक्षा मोठा दिवस असलेली तारीख, जसे १८/०६/२०२४, अमेरिकी पद्धतीत वाचताच येत नाही, कारण अठरावा महिना नसतो. ती निव्वळ मजकूर म्हणून डावीकडे राहते. दिवस १२ किंवा त्याहून लहान असेल तर ती उलटी वाचली जाते आणि तारीख म्हणून उजवीकडे जाते.

माहीमची_खाडी | रात्री १०.२०

उजवीकडे आणि डावीकडे, अगदी तुम्ही सांगितले तसेच आहे. लॅपटॉप ऑफिसचा आहे आणि त्यात प्रदेश म्हणून अमेरिका निवडलेली आहे. मी फाइल एकदा उघडून जतन केली होती, तेव्हाच हे झाले असावे.

स्वीकारलेल्या ओळींत तीन सापडल्या. ७ ऑगस्टची ८ जुलै झाली आहे आणि तिचा नफा ३१,२०० आहे. ५ सप्टेंबरची विक्री गणपतीच्या दोन दिवस आधीची होती, ती ९ मे झाली आहे, तिचा नफा ५२,९००. ६ नोव्हेंबरची ११ जून झाली आहे, नफा २३,५००. तिन्हींची बेरीज १,०७,६०० येते आणि विभागणीतला फरक नेमका तेवढाच आहे.

पेन्शनर_दादरकर | १० सप्टेंबर, सकाळी ६.४०

वाचून फार समाधान वाटले. आमच्या वहीत महिना अक्षरांत लिहिण्याची शिस्त होती, ‘७ ऑगस्ट’ असे. आमच्या हेडक्लार्कांनी ती लावली होती आणि ती का लावली हे आज नीट समजले.

सनदी_विद्यार्थी | सकाळी ८.४५

दुरुस्ती करताना रकान्यातील तारखा एकेक करून बदलू नका, कारण कोणती उलटली आणि कोणती नाही यात पुन्हा गोंधळ होईल. ब्रोकरकडून फाइल नव्याने उतरवा आणि ती न उघडता थेट सॉफ्टवेअरमध्ये चढवा. उघडणे आवश्यकच असेल तर आधी संगणकाचा प्रदेश भारत करा, किंवा स्प्रेडशीटच्या डेटा या विभागातून फाइल आयात करताना तारखेच्या रकान्याचा प्रकार मजकूर असा निवडा. लिबरऑफिसमध्ये फाइल उघडतानाच एक खिडकी येते, तिथे प्रत्येक रकान्यासाठी दिवस-महिना-वर्ष हा क्रम ठरवता येतो.

हे करतानाच आणखी दोन गोष्टी पाहा. रकमेत स्वल्पविराम असतील आणि ती रक्कम अवतरणचिन्हांत नसेल, तर सीएसव्हीमध्ये १,२५,००० या एका आकड्याचे तीन रकाने होतात आणि पुढचे सगळे सरकते. आयएसआयएन क्रमांकाच्या आधी किंवा नंतर मोकळी जागा राहिली असेल तर ती ओळही नाकारली जाते.

गिरगावकर | सकाळी ९.३०

आयात नीट झाल्यावर भांडवली नफ्याच्या परिशिष्टाच्या शेवटी असलेला तिमाहीवार तक्ताही पुन्हा पाहावा. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च आणि ३१ मार्च असे त्यात पाच कालखंड आहेत. अग्रिम कराचे व्याज त्यावरून ठरते. तारखा उलटल्या असतील तर नफा चुकीच्या कालखंडात गेलेला असणार.

विलेपार्ले_पूर्व | सकाळी १०.१५

काल मी विचारलेला प्रश्न मी मागे घेतो. खरेदीच्या तारखेचेही असेच होत असेल, नाही का?

भावकॉपी | दुपारी १.३०

होते, आणि तिथे नुकसान अधिक मोठे असू शकते. समजा २ जानेवारी २०१८ ची खरेदी आहे. ०२/०१/२०१८ उलटे वाचले की १ फेब्रुवारी २०१८ होते. ३१ जानेवारी २०१८ पर्यंतच्या खरेदीला जुन्या बाजारभावाचे जे संरक्षण आहे, म्हणजे खरेदी किमतीऐवजी त्या दिवसाचा भाव धरण्याची जी सवलत आहे, ती एका दिवसाने निघून जाते. दुसरे उदाहरण १२ महिन्यांच्या मुदतीचे आहे. ५ जून २०२३ ला घेतलेला समभाग १० मे २०२४ ला विकला तर तो अल्पकालीन आहे. खरेदी ६ मे २०२३ अशी वाचली गेली तर तोच दीर्घकालीन ठरतो आणि चुकीने कमी दराने कर लागतो.

माहीमची_खाडी | रात्री ९.१५

फाइल नव्याने उतरवून न उघडता चढवली. या वेळी त्या दोन्ही ओळी स्वीकारल्या गेल्या. विभागणी ३८,४०० आणि २,११,६०० अशीच आली. तिमाहीवार तक्ताही बदलला.

आता एचडीएफसी बँकेची ओळ. बाबांनी २०१२ मध्ये ६० समभाग घेतले होते, त्याची कॉन्ट्रॅक्ट नोट घरी सापडली आहे. त्यांचे पुढे १२० झाले आणि आईने ते सर्व १९ डिसेंबर २०२४ ला विकले. मी खरेदीची तारीख म्हणून २०२१ मधील नावबदलाची तारीख आणि त्या दिवसाचा भाव घालायचे ठरवले होते. ते बरोबर आहे का?

जमाखर्च | रात्री १०.१०

बरोबर नाही, आणि विचारलेत हे फार चांगले केले. वारशाने आलेल्या समभागांना आधीच्या मालकाची खरेदी किंमत लागू होते आणि धारणकाळही त्याच्या खरेदीपासून मोजला जातो. तुमच्या बाबांनी २०१२ मध्ये घेतले, म्हणजे आईसाठीही ते ३१ जानेवारी २०१८ पूर्वीचेच ठरतात. २०२१ चा भाव घातला असता तर किंमत वाढून नफा कमी दिसला असता.

किमतीचे सूत्र असे आहे. ३१ जानेवारी २०१८ रोजी शेअर बाजारात नोंदलेला त्या समभागाचा सर्वोच्च भाव आणि विक्रीची किंमत, यांतील कमी असलेली रक्कम घ्या. ती आणि प्रत्यक्ष खरेदी किंमत, यांतील जास्त असलेली रक्कम ही तुमची संपादन किंमत.

भावकॉपी | रात्री १०.३५

इथे सॉफ्टवेअर पुन्हा अडेल, म्हणून आधीच सांगतो. सप्टेंबर २०१९ मध्ये एचडीएफसी बँकेच्या दोन रुपये दर्शनी मूल्याच्या समभागाचे विभाजन होऊन एक रुपयाचे दोन समभाग झाले. ६० चे १२० झाले ते त्यामुळे. दर्शनी मूल्याचे विभाजन झाले की आयएसआयएन क्रमांक बदलतो. जे सॉफ्टवेअर आजच्या क्रमांकावरून ३१ जानेवारी २०१८ चा भाव शोधते, त्याला तो क्रमांक त्या दिवसाच्या भावसूचीत सापडतच नाही, कारण तो तेव्हा अस्तित्वातच नव्हता. मग रकान्यात शून्य येते आणि संरक्षण मिळत नाही. त्या दिवसाची भावसूची शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून उतरवा, बँकेचा त्या दिवसाचा सर्वोच्च भाव घ्या आणि त्याला दोनने भागा.

मुलुंड_पूर्व | रात्री ११.००

बोनस मिळाला असेल तरी असेच भागायचे ना? याच बँकेने आता एकास एक बोनस दिला आहे, २७ ऑगस्टची, म्हणजे गणेश चतुर्थीच्या दिवसाची नोंद तारीख होती.

भावकॉपी | रात्री ११.१५

नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. विभाजनात जुनाच समभाग दोन तुकड्यांत येतो, म्हणून खरेदी किंमत आणि २०१८ चा भाव दोन्ही विभागले जातात. बोनस समभाग हा कायद्याच्या दृष्टीने नवा समभाग असतो, त्याची किंमत शून्य असते आणि धारणकाळ तो मिळाल्यापासून सुरू होतो. मूळ समभागाची किंमत आणि २०१८ चा भाव जसा आहे तसाच राहतो. डिमॅट खात्यातून आधी आलेले समभाग आधी गेले असे धरले जात असल्यामुळे मूळ समभाग आधी विकले जातात. बोनसनंतरचा घटलेला भाव आणि २०१८ चा भाव यांची तुलना करताना सूत्रातील ‘विक्रीची किंमत’ हा भाग विसरू नये. काही साधने बोनसनंतरही २०१८ चा भाव निम्मा करून ठेवतात, ते तपासून घ्यावे. ताईंची विक्री डिसेंबर २०२४ ची असल्यामुळे त्यांना या बोनसचा प्रश्न येत नाही.

गिरगावकर | ११ सप्टेंबर, सकाळी ८.२०

कंपनीच्या विलगीकरणातही किंमत वाटावी लागते आणि आयातीत ते बहुधा चुकते. रिलायन्समधून जिओ फायनान्शियल २०२३ मध्ये वेगळी झाली तेव्हा मूळ खरेदी किंमत ९५.३२ आणि ४.६८ टक्के अशी विभागायची होती. आयटीसी आणि आयटीसी हॉटेल्ससाठी हे प्रमाण ८६.४९ आणि १३.५१ टक्के आहे. माझ्या विवरणात हॉटेल्सच्या समभागांची किंमत शून्य आली होती आणि आयटीसीची पूर्वीचीच राहिली होती.

माहीमची_खाडी | रात्री ९.५०

आज भावसूची उतरवली, भाव दोनने भागला आणि ओळ हाताने भरली. ११२ए च्या परिशिष्टात ती आयएसआयएन क्रमांकासह वेगळी दिसते आहे. बाबांची २०१२ ची कॉन्ट्रॅक्ट नोट, वारसनोंदीचे पत्र आणि भावसूचीचे ते पान एकत्र करून ठेवले. नफा माझ्या पहिल्या अंदाजापेक्षा बराच जास्त निघाला. करही वाढला. आईला सगळे समजावून सांगितले, तिने उरलेला कर भरायला सांगितले आणि आधारच्या ओटीपीने विवरणपत्र सत्यापितही झाले.

भावकॉपी, जमाखर्च, सर्वांचे मनापासून आभार. दादरकर काका, आईसाठी एक वही आणली आहे. महिना अक्षरांत लिहिणार आहे.

पेन्शनर_दादरकर | १२ सप्टेंबर, सकाळी ६.३०

पाच रकाने पुरतात. सहावा ठेवायचा असेल तर ‘कुणाकडून आले’ असा ठेवा, वारशासाठी उपयोगी पडेल.

मुलुंड_पूर्व | सकाळी १०.४०

हा धागा वाचून मी काल रात्री माझे २०२३-२४ चे विवरणपत्र काढून पाहिले. ५ जानेवारी २०१८ ला घेतलेल्या समभागांची खरेदी तिथे १ मे २०१८ अशी नोंदली गेली आहे. १ मे म्हणजे महाराष्ट्र दिन, त्या दिवशी बाजार बंद असतो, तरी माझ्या लक्षात आले नाही. २०१८ च्या भावाचे संरक्षण न मिळाल्यामुळे मी जवळपास अकरा हजार रुपये कर जास्त भरला आहे. सुधारित विवरणपत्राची वाढवलेली मुदतही १५ जानेवारी २०२५ लाच संपली. अद्ययावत विवरणपत्र भरून तो परत मागता येईल का?

जमाखर्च | सकाळी ११.२५

अद्ययावत विवरणपत्राने कर कमी करता येत नाही किंवा परतावा मागता येत नाही, त्यामुळे तो मार्ग बंद आहे. कलम २६४ खाली प्रधान आयुक्तांकडे पुनरीक्षणाचा अर्ज मात्र करता येतो. विवरणपत्रातील करदात्याच्या स्वतःच्या चुकीसाठीही हा मार्ग खुला असल्याचे उच्च न्यायालयांनी मान्य केलेले आहे. शुल्क पाचशे रुपये आहे. मुदत आदेश कळल्यापासून एक वर्षाची असते. विवरणपत्र तपासून खात्याने पाठवलेल्या तुमच्या कलम १४३(१) च्या सूचनापत्रावर कोणती तारीख आहे?

मुलुंड_पूर्व | दुपारी १२.०५

२४ सप्टेंबर २०२४.

जमाखर्च | दुपारी १२.१०

मग बारा दिवस आहेत. मूळ कॉन्ट्रॅक्ट नोट, डिमॅट खात्याचे जानेवारी २०१८ चे विवरण आणि ३१ जानेवारीची भावसूची आजच काढून ठेवा. अर्जाचा मसुदा मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा, मी रविवारी वाचून देतो.